वाचक विचारतात : ऑपरेशन बिघडलं, आता दाद कुठे मागायची?

मागच्या अंकात हॉस्पिटलच्या बिलांवर लिहिलं होतं, पण आलेली निम्मी पत्रं बिलाची नाहीतच, डॉक्टरांच्या चुकीची आहेत. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून चार निवडलीत. पहिलं जरा मोठं आहे, कारण बाकीच्यांना लागणारं बरंचसं त्यातच येतं.

प्रश्न : आईचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. दुसऱ्या दिवसापासून पोट दुखायला लागलं, ताप आला, डॉक्टर म्हणत राहिले गॅस आहे, चालायला लावा. सहाव्या दिवशी डोळे पिवळे दिसले तेव्हा आम्हीच दुसरीकडे हलवलं, तिथे कळलं की पित्ताची नळी कापली गेलीय. परत मोठं ऑपरेशन झालं. पहिल्या हॉस्पिटलचं बिल दीड लाख, दुसऱ्याचं सात लाख. आता पहिलं हॉस्पिटल पेपर द्यायला तयार नाही. केस होते का?

उत्तर : होऊ शकते, पण तुम्ही ज्या मुद्द्यावर चिडलाय त्यावर कदाचित नाही. नळीला इजा होणं हा या ऑपरेशनचा माहीत असलेला धोका आहे, चांगल्या सर्जनच्या हातूनही होतो, आणि समोरचा वकील पहिल्या तारखेपासून हेच लावून धरणार, संमतीपत्रावर ते छापलेलं असणार आणि खाली आईची सही असणार. परिणाम वाईट झाला एवढ्यावरून हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. त्या जागी दुसरा साधारण कुशल डॉक्टर असता तर तो असं वागला असता का, हे बघितलं जातं.

मग तुमच्याकडे काय आहे? ते मधले पाच दिवस. ताप आणि दुखणं असताना सोनोग्राफी केली का, लिव्हरच्या रक्ततपासण्या केल्या का, ड्रेनमधून (पोटातलं पाणी बाहेर काढायला ठेवलेल्या नळीतून) काय येतंय ते कुणी लिहून ठेवलं का, मोठ्या हॉस्पिटलला पाठवायला का थांबले. सही धोका मान्य असल्याची असते, दुर्लक्ष मान्य असल्याची नसते, आणि हे दुर्लक्ष दिसणार ते फक्त केस पेपरमधून.

म्हणून आधी फाईल. आईच्या सहीनं साधा अर्ज करा (तुम्ही जाणार असाल तर तिचं अधिकारपत्र जोडा), त्यावर पोच घ्या, पोच देत नसतील तर स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपून ठेवा. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचे 2002 चे नियम आहेत, त्यात पेशंटनं मागितल्यावर 72 तासांत रेकॉर्ड द्यायचं असं स्पष्ट लिहिलंय, आणि भरती पेशंटचं रेकॉर्ड 3 वर्षं सांभाळायचं असंही. "वकिलाला पाठवा" वगैरे त्यात कुठेही नाही. नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन परत येऊ नका. डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, ऑपरेशन नोट्स, भुलीच्या नोट्स, संमतीपत्र, सगळे रिपोर्ट आणि ऑपरेशनचं रेकॉर्डिंग केलं असेल तर तेही, असं एकेक नाव लिहून मागा. तरीही नाही दिलं तर ते न देणंच पुढे त्यांच्या विरोधात जातं.

आणि या अर्जात आरोप एकही लिहायचा नाही! एका गृहस्थांनी आधी चार पानी संतापाचं पत्र पाठवलं आणि मग फाईल मागितली, फाईल आली ती इतकी टापटीप की आठ दिवसांच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच अक्षरात, एका बैठकीत उतरवल्यासारख्या.

दुसऱ्या हॉस्पिटलचे ऑपरेशन नोट्स तर सोनं आहे, कारण पोट उघडल्यावर प्रत्यक्ष काय दिसलं ते तिथे लिहिलेलं असतं. ते आणि पहिली फाईल घेऊन तिसऱ्या सर्जनला भेटा आणि मत लेखी मागा. डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहायला कचरतात हे खरंय, सरकारी मेडिकल कॉलेजमधून रिटायर झालेले प्राध्यापक त्यातल्या त्यात मोकळेपणानं लिहितात. सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये म्हटलंय की तज्ज्ञाचं मत प्रत्येक केसमध्ये लागतंच असं नाही, पण ते जिथे चूक उघड्या डोळ्यांना दिसते तिथे, म्हणजे उजव्याऐवजी डावा पाय कापला वगैरे. तुमची केस त्यातली नाही, मत घ्याच.

आता कुठे जायचं. जिल्हा ग्राहक आयोग. इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो, त्यांना वाटतं भरपाई किती मागतोय त्यावर आयोग ठरतो. पूर्वी तसंच होतं, 2019 चा कायदा आल्यापासून तुम्ही सेवेसाठी किती पैसे मोजले ते बघतात, आणि 50 लाखांपर्यंत मोजले असतील तर जिल्ह्यालाच. तुम्ही पहिल्या हॉस्पिटलला दीड लाख दिलेत, 5 लाखांपर्यंत तक्रारीची फीसुद्धा नाही, आणि भरपाई मात्र दुसरीकडचे सात लाख, बुडालेली कमाई, आईला झालेला त्रास सगळं धरून मागता येते. हॉस्पिटल दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार चालते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही. डॉक्टर आणि हॉस्पिटल दोघांनाही पार्टी करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. मुदत 2 वर्षं.

समोरच्याला उत्तराला 30 दिवस आणि वर फार तर 15 मिळतात. निकाल कायद्याप्रमाणे तीन ते पाच महिन्यांत लागायला हवा, पण त्या हिशोबानं राहू नका, वर्षं जातात. मेडिकल कौन्सिलकडेही तक्रार करता येते, तिथे डॉक्टरचं रजिस्ट्रेशन काही काळ निलंबित होऊ शकतं, पैसे मात्र मिळत नाहीत.

प्रश्न : वडिलांवर सरकारी हॉस्पिटलात फुकट उपचार झाले, त्यात मोठी चूक झाली. फुकटवाल्यांना ग्राहक म्हणत नाहीत असं एकानं सांगितलं. मग आम्हाला काहीच हक्क नाही का?

उत्तर : त्यानं अर्धवट सांगितलं. 1995 च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध शांता या निकालात सुप्रीम कोर्टानं डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणलं, पण जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार आहेत ते हॉस्पिटल बाहेर ठेवलं, नुसत्या केस पेपरच्या चार पैशांनी काही बदलत नाही. मात्र त्याच हॉस्पिटलात काही पेशंटकडून पैसे घेत असतील तर फुकटवालाही ग्राहक धरतात, तेव्हा आधी हे तपासा.

आणि आयोगाचं दार बंद असलं तरी दिवाणी कोर्टाचं उघडं आहे. औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात 1963 मध्ये बाळंतपणानंतर नसबंदीचं ऑपरेशन झालं, पोटात टॉवेल राहिला आणि ती बाई गेली. सुप्रीम कोर्टानं 1996 मध्ये राज्य सरकारला जबाबदार धरलं. 33 वर्षं लागली, तेही लक्षात असू द्या. पेपर मिळत नसतील तर तुमच्याकडे माहिती अधिकार आहे, खाजगीवाल्यांवर तो चालत नाही.

प्रश्न : भाऊ ऑपरेशन टेबलवरच गेला. पोलीस एफआयआर घेत नाहीत, म्हणतात आधी डॉक्टरांचं मत येऊ दे. पोरं चिडलीत, हॉस्पिटल फोडायच्या गोष्टी करतायत.

उत्तर : पोरांना आधी घरी बसवा. महाराष्ट्रात 2010 पासून यासाठी वेगळा कायदा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, अजामीनपात्र, आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई वर. भाऊ तुमचा गेला आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही तुम्हीच, असं व्हायचं.

पोलीस टाळाटाळ करतायत असं वाटतं, पण सुप्रीम कोर्टानंच 2005 मध्ये जेकब मॅथ्यू केसमध्ये सांगितलंय की डॉक्टरवर फौजदारी करण्याआधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्या आणि उठसूट अटक करू नका. फौजदारीत साधी चूक पुरत नाही, घोर हलगर्जीपणा लागतो. तेव्हा लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि पाठपुरावा करा.

पोस्टमॉर्टेम झालं का ते तुम्ही लिहिलं नाही. झालं असेल तर रिपोर्ट मिळवा. इतर वाचकांसाठी सांगतो, मृत्यूबद्दल शंका असेल तर अंत्यसंस्काराआधी पोलिसांना लेखी देऊन पोस्टमॉर्टेम करून घ्या, त्या घडीला ते फार जिवावर येतं, मला माहितीय, पण नंतर मृत्यूचं कारण फक्त कागदावर उरतं आणि तो कागद हॉस्पिटलनं लिहिलेला असतो. ग्राहक आयोगात जायला एफआयआर लागत नाही, हेही सांगून ठेवतो.

प्रश्न : सात वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, तेव्हापासून अधूनमधून पोट दुखतं. आत काहीतरी राहिलंय असा संशय आहे. आता केस करता येईल का?

उत्तर : वस्तू नंतर सापडली तर मुदत सापडल्यापासून मोजावी असा युक्तिवाद करता येतो, आणि योग्य कारण असेल तर उशीर माफही होतो. पण 2010 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे अशीच केस होती. 1993 चं ऑपरेशन, 2002 मध्ये पोटात गॉझ सापडला, 2004 मध्ये तक्रार. कोर्टानं ती मुदतीवरच फेटाळली, कारण बाई स्वतः नर्स होत्या आणि एवढी वर्षं दुखत असून त्यांनी साधी तपासणी करून घेतली नव्हती. तुम्हीही सात वर्षं काढलीत. वकील नंतर बघू, या आठवड्यात सीटी स्कॅन करून घ्या.