‘तसली मुलं’ म्हणजे कोणती मुलं?

*ताई, नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. लेक जूनमध्ये पहिलीत जाईल. घरापासून पाच मिनिटांवर महापालिकेची मराठी शाळा आहे. जाऊन आले, पहिलीच्या बाई मनापासून आवडल्या. पण वर्गातली निम्मी मुलं घरी तेलुगू बोलणारी, काही कन्नड, दोन-तीन दखनी. बऱ्याच जणांच्या आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर. आमचे हे टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतात. परदेशातल्या गिऱ्हाईकाचा फोन आला की इंग्रजीत अडकतात आणि ते त्यांना फार लागतं. म्हणतात, कर्ज काढू पण लेकीला इंग्लिश स्कूललाच घालू. नणंद म्हणाली, “तसल्या मुलांत बसवणार का तिला?” मला राग आला. पण रात्री तोच विचार माझ्याही मनात आला आणि लाज वाटली. काय करू?*
*— एक आई, सोलापूर*

प्रिय ताई,

लाज वाटली हे तुम्ही लिहिलंत, म्हणून आधी त्याबद्दलच बोलते. मनात आलेल्या विचाराबद्दल स्वतःला दोष देत बसू नका, पण तो तसाच दडपूनही टाकू नका. नणंदेचा शब्द उलगडून बघा. ‘तसली’ म्हणजे कोणती? तेंदूची पानं कातरून, तंबाखू भरून, दिवसभर मान खाली घालून विड्या वळणाऱ्या बाईची मुलगी? तिच्या आईने त्या कमाईतून वही-पेन्सिल आणलीय, पोरीला वेळेवर आवरून शाळेत धाडलंय. त्या घरात शिक्षणाची किंमत कमी आहे असं मला वाटत नाही.

मी लहान असताना माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातल्या घरातली होती. ओकटी, रेंडू, मूडू म्हणजे एक, दोन, तीन मी तिच्याकडून शिकले. मधल्या सुट्टीत तिला ‘तो, ती, ते’ मी शिकवायचे, कारण ‘ती पुस्तक’ म्हटलं की मुलं हसायची. माझं मराठी बिघडलं नाही. उलट आपली भाषा दुसऱ्याला समजावून सांगताना ती मला पहिल्यांदा नीट दिसली.

मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. स्वातंत्र्यलढ्यात १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेल्या, वेगवेगळ्या समाजांतल्या हुतात्म्यांची ही चार नावं आपण सोलापूरकर एका दमात घेतो. चौकात त्यांना हार घालायचा आणि त्याच गल्ल्यांतली चार घरची मुलं एका बाकावर बसली की बिचकायचं, हे मला पटत नाही.

पण म्हणून लेकीला त्या शाळेत घालाच, असंही मी म्हणणार नाही. आपण किती मोकळ्या मनाचे आहोत हे दाखवायला लेकीला वापरू नये. शाळा चांगली असली पाहिजे, आणि ती चांगली आहे की नाही हे पोरांच्या आईबापांचा धंदा बघून कळत नाही. ते कळतं तिसरीच्या वर्गात.

बाईंची परवानगी घेऊन तिसरीत जाऊन बसा. पाठ्यपुस्तकातलं नको, कारण ते पाठ असतं. घरून गोष्टीचं एखादं छोटं पुस्तक न्या आणि तीन-चार मुलांना एकेक पान वाचायला सांगा. घरी तेलुगू बोलणारं मूल मराठी गोष्ट वाचून तुम्हाला आपल्या शब्दांत सांगू शकलं, तर त्या शाळेत खरोखर शिकवलं जातंय. अडखळत नुसती अक्षरं लावत असेल, तर पहिलीच्या बाई कितीही गोड असोत, मी दहा वेळा विचार करीन. तुमची लेक त्या बाईंकडे कायम राहणार नाहीये.

अजून एक बारीक गोष्ट. तिला मराठी आधीच येतं, म्हणून सुरुवातीचे काही महिने तिला कंटाळा येऊ शकतो. अशा मुलांना काय काम देता, हे बाईंना स्पष्ट विचारा. शिक्षक पुरेसे आहेत का, तेही बघा: शिक्षणहक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, नव्वदपर्यंत तीन. मुलींचं स्वच्छतागृह स्वतः उघडून बघा. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीतल्या निम्म्या जागा बायकांच्या. त्यातल्या एखाद्या आईला गाठा, ती खरं सांगेल.

आता तुमच्या यजमानांबद्दल. त्यांच्या हट्टामागे त्यांचा अपमान आहे, तो हलका समजू नका. फोनवर शब्द सुचत नाही तेव्हा सगळ्या ऑफिससमोर माणूस लहान होतो. त्यांना नणंदेच्या पंगतीत बसवू नका. त्यांना एवढंच सांगा की महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे. ते प्रत्यक्षात कसं शिकवतात आणि पुढे सेमी इंग्रजीची सोय आहे का, हे त्यांनी स्वतः येऊन तपासावं. आणि कर्जाचा हिशेब त्यांच्याइतका चांगला कोण करणार? फी एका वर्षाची नसते, दहा वर्षं भरायची असते. घरात इंग्रजी बोलणारं कुणी नसलं तर शिकवणीचा खर्च वेगळा. ती रक्कम दोघांनी कागदावर मांडा. त्यातली थोडी जरी लेकीच्या पुस्तकांवर आणि पुढे चांगल्या इंग्रजी शिकवणीवर खर्च केलीत, तरी खूप होईल.

सरकारी शाळेतून काही निघत नाही, असं ते म्हणतील. आपल्याच जिल्ह्यातल्या, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळवून गेले. एका गुरुजींमुळे सगळ्या शाळा चांगल्या ठरत नाहीत, हे मलाही मान्य आहे. म्हणूनच तर म्हणते, प्रत्यक्ष जाऊन बघा.

नणंदेला सध्या काही उत्तर देऊ नका. यजमानांना एक दिवस अर्धी रजा टाकायला सांगा, दोघं मिळून जा, पुस्तक न्यायला विसरू नका. वाचून दाखवणारं मूल कसं वाचतं, ते त्यांच्या कानांनी ऐकू द्या. मग मला लिहा.

तुमची,
ताई