दमट हवेत गिटारला नायट्रो लॅकर मारावं का? नमुन्याचा तुकडा दुधाळ झाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अकूस्टिक गिटारचं जुनं फिनिश काढून लाकूड उघडं केलंय, त्यावर नायट्रोसेल्युलोज लॅकर मारायचंय, पण हवेत 80 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आहे. फळीच्या तुकड्यावर एक हात मारून पाहिला, तर काही मिनिटांत तो पांढरट झाला. आता थांबावं, की हेअर ड्रायर लावून काम उरकावं?

आधी तुकड्यावर करून पाहिलंत हे फार चांगलं केलंत. हेअर ड्रायर मात्र अजिबात नको. ओल्या लॅकरमधून निघणारी वाफ झटकन पेट घेते आणि ड्रायरच्या आत तापलेली तार असते. शिवाय वरचा थर आधी सुकतो आणि खालचं थिनर (लॅकर पातळ करणारं द्रावक) बुडबुडे होऊन आत अडकतं.

हा पांढरेपणा, म्हणजे ब्लश, कशामुळे येतो ते कळलं की पुढचे निर्णय सोपे होतात. थिनर भराभर उडतं आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं. पृष्ठभाग काही अंशांनी थंड होतो. तो हवेच्या दवबिंदूखाली (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्याच्या खाली) गेला, की थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम फुटतो तसं पाणी ओल्या लॅकरवर धरतं. नायट्रोसेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, म्हणून थर फाटल्यासारखा होतो आणि दुधाळ दिसतो.

त्यामुळे नुसत्या आर्द्रतेच्या आकड्यापेक्षा तापमान आणि दवबिंदू यांतला फरक बघा. ढोबळ हिशेब असा: 100 मधून आर्द्रता वजा करा आणि 5 ने भागा. 80 टक्क्यांना फरक निघतो 4 अंश, 60 टक्क्यांना 8. हवा 30 अंशांवर आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर दवबिंदू साधारण 26 अंशांवर येतो. म्हणजे लॅकर जेमतेम 4 अंशांनी थंड झालं तरी काम बिघडलं. फरक 8 अंशांपेक्षा कमी असेल तर मी स्प्रे गन हातात घेत नाही.

आता रिटार्डरबद्दल, कारण हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो सावकाश उडणारा द्रावक असतो. थर जास्त वेळ ओला राहतो आणि धरलेलं पाणी आधी निघून जातं. उपयोग नक्की होतो, पण 5 ते 10 टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. थर कित्येक दिवस मऊ राहतो, ओघळतो आणि नंतर लाकडाच्या रेषांत बसत जातो. स्प्रे कॅन वापरत असाल तर रिटार्डर मिसळता येत नाही. तेव्हा हात पातळ मारा आणि दोन हातांमध्ये भरपूर वेळ सोडा.

मला खरी काळजी वाटते ती लाकडाची. ब्लश डोळ्यांना दिसतो, लाकडात मुरलेलं पाणी दिसत नाही. 80 टक्के आर्द्रतेत बराच काळ राहिलेलं उघडं लाकूड 16 टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतं. गिटारसाठी तो 8 च्या जवळपास हवा. फुगलेल्या टॉपवर, म्हणजे गिटारच्या पुढच्या फळीवर, लॅकर मारलंत, की पुढे कोरडी हवा आल्यावर लाकूड आक्रसतं, थर खाली बसतो, कधी जोड उघडे पडतात. म्हणून गिटार आधी बंद खोलीत डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) लावून 45 ते 50 टक्के आर्द्रतेवर निदान आठवडा-दोन आठवडे ठेवा. जवळ साधा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतामापक, ठेवा. टॉपवर स्टीलची पट्टी आडवी धरून पाहा: पट्टीखालची फट रोज कमी-कमी होत असेल, तर लाकूड अजून सुकतंय.

खोली नुसती तापवून दवबिंदू खाली येत नाही, हवेतलं पाणी तेवढंच राहतं. डीह्युमिडिफायर ते पाणी खरोखर काढतो. पण स्प्रे करताना तो बंदच हवा, कारण त्याच्या स्विचची ठिणगी पुरते. साधा पंखाही नको. ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज असलेला मास्क लावा. कापडी मास्क काही कामाचा नाही.

प्रत्यक्ष हात मारायला दुपार निवडा. तेव्हा हवा तापलेली असते आणि आर्द्रता दिवसातली सर्वांत कमी. गिटार एसीच्या खोलीतून काढून लगेच मोकळ्या हवेत फवारू नका. थंड लाकडावर दव आपोआप धरतं. आधी ते बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. लॅकरचा डबा कोमट पाण्यात ठेवला तर थिनर कमी घालावं लागतं. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढा आणि नळीवर वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा भाग) लावा. दमट दिवसांत त्या टाकीत खरंच वाटीभर पाणी साठतं आणि मग ते थेट टॉपवर थेंबांनी येतं. वास बराच ओसरला की गिटार परत कोरड्या खोलीत न्या.

एखादा हात तरीही पांढरा पडला, तर घाबरून घासायला घेऊ नका. कोरड्या दिवशी त्यावर रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा मारा. थर पुन्हा उघडतो, पाणी निघून जातं आणि बऱ्याचदा डाग नाहीसा होतो. गेला नाही, तर तेवढा थर 320 च्या सँडपेपरने उतरवा. पांढऱ्यावर पुढचा हात मात्र कधीच चढवू नका, तो डाग आत अडकून राहू शकतो.

शेवटच्या हातानंतर घोटाईला निदान 3-4 आठवडे थांबा. दमट हवेत आणखी. नख टेकवून पाहण्यापेक्षा एखाद्या कोपऱ्यावर पेपर फिरवा: कोरडी पांढरी पूड पडली तर तयार आहे, पेपरवर गोळे चिकटले तर अजून थांबा. ओल्या पेपरने घोटणार असाल तर साउंडहोल आणि स्क्रूची भोकं झाका. इतकं सुकवलेलं लाकूड तिथूनच पाणी पिऊन पुन्हा फुगतं.