घरच्या घरी बरोक पॉप अल्बम: 'इलिनॉय'कडून नेमकं काय शिकायचं?

तुमचा प्रश्न असा: गिटारवर बांधलेली आठ गाणी तयार आहेत, अमेरिकी गायक-गीतकार सुफ्यान स्टीव्हन्सच्या 'इलिनॉय'सारखा बरोक पॉप, म्हणजे पॉप गाण्यांत व्हायोलिन, ट्रम्पेट, कोरस असा भरलेला अल्बम करायचाय, पण मोठा स्टुडिओ आणि तीस वादक परवडत नाहीत. पुण्यात, फ्लॅटमध्ये जमेल का?

जमेल. जुलै 2005 मध्ये आलेला 'इलिनॉय'ही असाच जोडत जोडत झालेला आहे. पियानो ब्रुकलिनच्या सेंट पॉल्स चर्चमध्ये वाजवला, तंतुवाद्यं आणि गायन सहकाऱ्यांच्या घरांत झालं. माइक म्हणाल तर शुअर एसएम 57 आणि एकेजी सी 1000, दोन्ही स्वस्तातले. रेकॉर्डिंग 32 किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाच्या 32 हजार नोंदी; त्यात 16 किलोहर्ट्झच्या वरचा आवाज नोंदलाच जात नाही. एसएम 57 ची झेपच मुळात 15 किलोहर्ट्झपर्यंत असल्याने त्या माइकपुरतं काही बिघडलं नाही. तुम्ही मात्र आज 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवरच करा. ती मर्यादा मुद्दाम ओढवून घेण्यात अर्थ नाही. गिटार, बँजो, पियानो, ओबो (सनईसारखं फुंकवाद्य), रेकॉर्डर (एक प्रकारची बासरी), व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य), ड्रम्स असं बरंच स्टीव्हन्सने स्वतःच वाजवलं आणि जिथे खरंच गरज होती तिथेच माणसं बोलावली.

या अल्बमचा भव्यपणा कागदावर तयार झालाय, माइकसमोर नाही. कोणतं वाद्य कधी येतं आणि कधी गप्प बसतं, तेवढं नीट ऐका. 'कॅसिमिर पुलास्की डे' गिटार आणि बँजोवर चालतं, ट्रम्पेटला बराच वेळ थांबवून ठेवलंय. म्हणून ते आल्यावर एकटंच पुरतं. शीर्षकगीताचा पहिला भाग पाच मात्रांचा आहे, पण आतले छोटे आवर्ती तुकडे इतके घट्ट बसलेत की मोजावं लागत नाही. दोन-दोन मापांचे (बारचे) असे तुकडे एकमेकांवर रचत जाणं ही त्याची मुख्य युक्ती आहे. छोटे तुकडे पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइखचं संगीत ऐकलं असेल तर ओळख लगेच पटेल, शेवटच्या ट्रॅकमध्ये तर फारच.

तेव्हा आधी लिहा. गळा मधल्या पट्टीत असेल तर ती जागा त्याच्यासाठी मोकळी सोडा. चेलो खाली, बासरी किंवा रेकॉर्डर वर. व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा) नेमका गळ्यावर येऊन बसतो, त्याला शब्द चालू असताना लांब स्वर द्या. गळा हलतोय तेव्हा तंतुवाद्यं स्थिर, गळा थांबला की त्यांनी हलायचं. एवढा एक नियम पाळलात तरी निम्मं काम झालं. व्हायोलिनचा सगळ्यात खालचा स्वर म्हणजे मधल्या सी च्या खालचा जी. व्हायोला मधल्या सी च्या खाली एक सप्तक जातो, चेलो दोन. याच्या खाली लिहिलेलं कॉम्प्युटर निमूटपणे वाजवून दाखवेल, वादक वाजवू शकणार नाही. बी फ्लॅट ट्रम्पेटचा कागद एक पूर्ण स्वर वर लिहावा लागतो, नाहीतर पहिला अर्धा तास त्यातच जातो.

सॅम्पलवर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या वाद्यांच्या तयार आवाजांवर, ऐकून केलेल्या अरेंजमेंटमध्ये हमखास तीन चुका राहतात. ओबोचे खालचे स्वर सॅम्पलमध्ये मऊ लागतात, प्रत्यक्षात ते जाडेभरडे आणि मोठे येतात. ट्रम्पेटवाल्याचे ओठ थकतात, हे सॅम्पलला माहीतच नसतं. त्यामुळे वरच्या पट्टीतले भाग सेशनच्या सुरुवातीलाच उरका. आणि गज संपतो. संथ लयीत सहा मापं एकच स्वर मोठ्याने धरून ठेवा असं लिहिलंत, तर गज मध्ये कुठेतरी वळवावाच लागेल. तंतुवाद्यांच्या चौघांनी तो वेगवेगळ्या ठिकाणी वळवावा, असं कागदावरच लिहून ठेवा.

वादक निवडताना एक लक्षात घ्या. हिंदुस्थानी पद्धतीने वाजवणाऱ्याचं व्हायोलिन सहसा प-सा-प-सा असं मिळवलेलं असतं, जी-डी-ए-ई नाही, आणि वाचन असलं तर सरगमचं. माणूस कितीही तयारीचा असला तरी हातात स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) देऊन तीन तासांच्या सेशनमध्ये दोन गाणी होणार नाहीत. पाश्चात्त्य नोटेशन वाचणारेच शोधा. मुंबईत आणि गोव्यात ती परंपरा जुनी आहे. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला माप-क्रमांक छापा आणि पान उलटायची वेळ विरामावर आणा, म्हणजे टेकमध्ये कागदांची खुसखुस येणार नाही.

आता चौघांचे बारा कसे करायचे. तेच क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो) तीनदा रेकॉर्ड करा, पण तीनदा तसंच नाही. दर वेळी माणसांच्या जागा बदला, पहिल्या आणि दुसऱ्या व्हायोलिनचे कागद अदलाबदल करा, माइक हातभर सरकवा. तोच वादक, तेच वाद्य, तीच जागा राहिली तर आवाज जाड होतो पण घुमरा आणि यंत्रासारखा लागतो, दालन भरल्यासारखा नाही. आणखी एक: एकच ओळ दोन व्हायोलिनांना कधीही देऊ नका. दोघांच्या सुरांतला बारीक फरक थरथरत कानावर येतो. एक ठेवा किंवा तीन. तिसरा आला की तो फरक गर्दीत मिसळून जातो.

फ्लॅटमधलं छत बुटकं असतं, ही खरी अडचण. चांगल्या खोलीत माइक व्हायोलिनच्या वर मीटर-दीड मीटरवर ठेवतात; तुमच्याकडे 60 ते 80 सेंटिमीटरवर आणा, छताखाली आणि वादकाच्या मागे जाड गोधड्या लावा. दालनाचा घुमारा (चेंबर रिव्हर्ब) नंतर घालता येतो, छतावरून परतलेला आवाज नंतर काढता येत नाही. सी 1000 सारखा तेज माइक थेट ब्रिजवर (तारा टेकतात त्या घोडीवर) रोखला तर आवाज टोचतो, थोडा तिरका धरा. एसएम 57 चा आवाज खूप वाढवावा लागतो (गेन), म्हणून हळू बासरीवर सरसर ऐकू येईल. तिथे सी 1000 सारखा कंडेन्सर माइकच वापरा. पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा. पंखा आणि एसी बंद केले की खोली तापते आणि तारा उतरतात, म्हणून दर दोन टेकनंतर सूर जुळवा. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, त्याचा वेळ वेगळा धरा. क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनमधूनच द्या आणि शेवटच्या स्वराआधी बंद करा, नाहीतर विरत जाणाऱ्या आवाजात टिकटिक राहते.

कोरससाठी गर्दी लागत नाही, 'इलिनॉय'वरचाही मूठभर मित्रमंडळींचाच आहे. चार जण, तीन फेऱ्या, माइकपासून एक, दोन आणि तीन मीटरवर. ओळीच्या शेवटी 'स', 'च', 'ट' येत असेल तर तो एकानेच उच्चारायचा, बाकीच्यांनी स्वरावरच थांबायचं; बारा आवाजांचा 'स' एकत्र आला तर फुस्स असा फवारा होतो.

मिक्सिंगला बसाल तेव्हा 200 ते 400 हर्ट्झमध्ये सगळा गाळ साचलेला असेल. व्हायोलिनचा सर्वांत खालचा स्वर 196 हर्ट्झ, म्हणून 180 च्या खालचं कापा. व्हायोलाला 115, चेलोला 55. सगळ्यांना एकच रिव्हर्ब द्या, नाहीतर प्रत्येक जण वेगळ्या घरात बसलाय असं वाटतं. मग एकेक ट्रॅक बंद करून गाणं पूर्ण ऐका. काही बदललं नाही तर तो ट्रॅक काढून टाका, वाजवायला कितीही मेहनत लागलेली असो.

लांबीच्या बाबतीत मात्र त्याची नक्कल करू नका. 22 ट्रॅक आणि जवळपास 74 मिनिटं हा पसारा त्याने 2003 च्या 'मिशिगन' या अल्बमनंतर, हात बसल्यावर मांडला. तुमची आठ गाणी 35 मिनिटांत बसवा, त्यातली दोन फक्त गिटार आणि गळ्यावर ठेवा. 'जॉन वेन गेसी, ज्युनियर' हे गाणं त्या अल्बममध्ये असंच जवळजवळ उघडं ठेवलेलं आहे, आणि आजूबाजूच्या सगळ्या गजबजाटामुळेच ते इतकं आत लागतं.