हॉस्पिटलच्या गच्चीवरच्या हेलिपॅडला महापालिकेने परवानगी दिली, तर शेजाऱ्यांना कोर्टात जाता येतं का? की आधी तक्रार करावी?

जाता येतं. उडुपीत निवासी भागात नगरपालिकेने सिनेमा थिएटर मंजूर केलं, तेव्हा एक रहिवासी सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९७४ मध्ये जिंकला. के. रामदास शेणॉय यांची केस. तुमच्या वकिलांना नाव सांगा. नगररचना योजना डावलून दिलेल्या मंजुरीविरुद्ध शेजारी दाद मागू शकतो आणि मालकाने पैसे घातले म्हणून ती मंजुरी कायदेशीर होत नाही, हे त्यात आलंय.

हेलिपॅडची मेख वेगळी. महापालिका बांधकाम आणि जागेचा वापर बघते. उड्डाण हा केंद्राचा विषय, तिथे डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. आपल्या बेळगावात तर सांबऱ्याला एअर फोर्सही आहे. म्हणजे महापालिकेचा शिक्का मिळाला म्हणून उद्या हेलिकॉप्टर उतरत नाही, आणि महापालिकेविरुद्धच्या याचिकेत हेलिकॉप्टरवर पानंच्या पानं लिहून उपयोगही नाही. महापालिकेची मंजुरीची फाईल धरा.

हे एवढ्या ठासून सांगतो कारण टिळकवाडीत आमच्या घरामागे एक हॉस्पिटल उभं राहिलं. हेलिपॅड नव्हतं, जनरेटर होता, आमच्या माडीच्या खिडकीला लागून. गल्लीची मीटिंग भरली आणि आमचे थोरले चुलते, आण्णा, म्हणाले, "कमिशनरना निवेदन देऊया." दिलं. पेपरात फोटो आला, आण्णा मधोमध उभे. इकडे चौथऱ्याचं काँक्रीट पडलं.

मी म्हटलं, माहिती अधिकारात मंजूर नकाशा मागवूया. त्यावर आण्णा, "कोर्टाच्या नादाला लागायलास व्हय? बेंगळूरला हेलपाटे घालून मरशील." त्यांच्या डोक्यात जुना काळ. धारवाडला हायकोर्टाचं पीठ २००८ पासून आहे, सकाळी निघालं की दिवेलागणीला घरी.

नकाशा आला. जनरेटरच्या जागी त्यावर मोकळी जागा, आग लागली तर बंब फिरायला सोडलेली. हॉस्पिटलचे मॅनेजर आम्हाला सुनवायचे, "पेशंटच्या जिवापेक्षा तुमची झोप मोठी का?" अहो, ती जागा पेशंटच्याच जिवासाठी होती! मग कर्नाटक महापालिका कायद्याच्या कलम ३२१ खाली, म्हणजे बेकायदा बांधकामावर कारवाई करा म्हणून, अर्ज केला, उत्तर नाही, म्हणून धारवाडला हायकोर्टात रिट याचिका. कोर्टाने पाडा वगैरे काही म्हटलं नाही, फक्त मुदतीत सुनावणी घेऊन निर्णय द्या म्हणून महापालिकेला आदेश. तेवढ्याने जनरेटर पलीकडच्या बाजूला गेला. आण्णा आजही लग्नकार्यात सांगतात, निवेदनामुळे गेला. निवेदनाच्या पोचपावतीवर महापालिकेचा शिक्कासुद्धा नव्हता, आण्णा.

तर तुमचं. मंजूर नकाशा, गच्चीच्या बांधणीचा दाखला, अग्निशमनची एनओसी आणि 'बुडा'च्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) आराखड्यात तो प्लॉट कशासाठी राखलाय, हे आधी मागवा. लेखी तक्रार करा, पण पोच घेऊन. नाहीतर हायकोर्ट विचारणार, आधी महापालिकेकडे गेला होता का? आमदारांच्या घरी चहाला जाण्यात दिवस घालवू नका. रिटमध्ये उशीर फार महागात पडतो, स्लॅब पडल्यावर तर जास्तच.

फक्त आवाजाचा मुद्दा घेऊन जाऊ नका. हॉस्पिटलभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र सरकारला जाहीर करता येतं आणि तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा, हे खरं. पण क्वचित येणाऱ्या हेलिकॉप्टरने कुणाचं तरी हृदय आणलं असं समोरच्या वकिलाने म्हटलं की तुमचे डेसिबल कोण ऐकणार? आणि सगळी कागदपत्रं नियमात निघाली तर गप्प बसा, असंही माझं मत आहे. अपघातातला माणूस तुमच्या घरचाही असू शकतो.

एक राहिलं. घर छावणीच्या हद्दीत असेल तर वरचं महापालिकेचं काहीच लागू नाही. तिथे कॅन्टोन्मेंट बोर्ड आणि २००६ चा वेगळा कायदा, त्यामुळे अर्ज कुणाच्या नावे करायचा ते आधी बघा.