शिक्षा नसलेला नियम कसा पाळून घ्यावा

अमेरिकेतील हायस्कूल बास्केटबॉलमध्ये पंचगिरी सुरू करताना कानातले डूल, हातातला दोरा किंवा शॉर्ट्सबाहेर लोंबणारा शर्ट या गोष्टी तुम्हाला किरकोळ वाटतील, कारण त्यांबद्दल ना फ्री थ्रो मिळतो ना चेंडूचा ताबा जातो; खेळाडूने बाहेर जायचे आणि दुरुस्ती करून यायचे, एवढेच. म्हणूनच अनेक नवे पंच तिकडे काणाडोळा करतात, आणि पुढच्या सामन्यातल्या पंचाला वाईटपणा घ्यावा लागतो.

खरे काम चेंडू उडवण्यापूर्वीच होते. आपला अधिकार सामन्याच्या किमान १५ मिनिटे आधी मैदानात उतरल्यावर सुरू होतो; तेव्हा सरावाच्या रांगांकडे नीट पाहा आणि खेळाडूंचा पोशाख नियमात आहे ना, हे दोन्ही मुख्य प्रशिक्षकांना विचाराच. धार्मिक किंवा वैद्यकीय (आजाराची सूचना देणारे) पदक दागिना ठरत नाही, मात्र दोन्ही अंगाला टेपने चिकटवलेली हवीत; वैद्यकीय पदक दिसले तरी चालते, धार्मिक पदक मात्र गणवेशाखाली हवे. हे सांगताना आवाज मऊ ठेवा, कारण समोरच्या मुलासाठी ती श्रद्धेची वस्तू असते.

माझ्या पहिल्या हंगामात एका मुलीचा डूल मला तिसऱ्या क्वार्टरमध्ये दिसला. मी चालू खेळात शिट्टी मारली आणि तिच्या संघाची सरळ बास्केटकडे निघालेली चाल मोडली. तिचे प्रशिक्षक रागावले ते योग्यच होते. चेंडू डेड होईपर्यंत, म्हणजे खेळ आपोआप थांबेपर्यंत, थांबून मी तिला हळूच बदली घ्यायला सांगायला हवे होते.