मिस्साला जातो, रोझरी म्हणतो, तरी प्रार्थनेत मन लागत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) चुकत नाही, रात्रीची रोझरीही (माळेच्या मण्यांवर म्हणायची मारियेची प्रार्थना) होते, पण गेले काही महिने सगळं कोरडं वाटतं. श्रद्धाच कमी झाली की काय, अशी भीती वाटते. मी वसईचा, संसारी माणूस, धर्मगुरू नाही. पण हा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ती भीती. प्रार्थनेत गोडवा न वाटणं म्हणजे श्रद्धा आटणं नव्हे. आविलाच्या संत तेरेझाला १९७० साली ख्रिस्तसभेने (म्हणजे कॅथलिक चर्चने) धर्मपंडित ही पदवी दिली, आणि तीही प्रार्थनेच्या बाबतीतली गुरू म्हणून. तिने स्वतः लिहून ठेवलंय की काही वर्षं प्रार्थनेचा तास कधी संपतो याकडे, घड्याळाच्या ठोक्याकडेच तिचं लक्ष असायचं. मदर तेरेझांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी किती वर्षं आतला अंधार सोसला हे जगाला कळलं. त्या काळातही त्यांची पहाटेची प्रार्थना आणि मिस्सा सुटली नव्हती.

जेझुइट संघाचे संस्थापक, लोयोलाच्या संत इग्नेशियसने अशा काळासाठी दोन गोष्टी सांगितल्या आहेत आणि मला त्या सगळ्यात मोलाच्या वाटतात. पहिली, मन उदास असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. दुसरी, प्रार्थनेची वेळ आखडती घ्यावीशी वाटेल तेव्हा ठरवलेल्यापेक्षा थोडं जास्तच बसायचं. तुम्ही पंधरा मिनिटं ठरवली असतील तर कोरड्या दिवशी सोळा बसा. एवढ्यानं काय होणार, असं वाटेल. पण प्रार्थना कधी संपवायची हे त्या दिवशी तुमच्या मूडने ठरवलेलं नसतं, आणि हळूहळू मनाला त्याची सवय होते.

त्या पंधरा मिनिटांत करायचं काय? त्या दिवसाच्या मिस्सेचं शुभवर्तमान (बायबलमधली येशूची जीवनकथा) घ्या, दहा-बारा ओळींचा उतारा पुरे. समजा मार्कच्या दहाव्या अध्यायातला आंधळा बार्तीमय आला. आधी सावकाश वाचा, शक्यतो ओठ हलवून. मग यरीहोच्या त्या रस्त्यावर स्वतः जाऊन बसा: धूळ, गर्दी, ‘गप्प बस’ म्हणून त्याला दटावणारी माणसं. येशू थांबतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? आता हा प्रश्न तुम्हाला विचारलाय असं समजा आणि खरं उत्तर द्या. ‘प्रभो, मला काहीच वाटत नाही’ हेही खरं उत्तर आहे. बायबलमधल्या स्तोत्रकर्त्याने तर तेराव्या स्तोत्रात देवाला सरळ विचारलंय की तू मला कुठवर विसरणार आहेस! आपण मात्र देवापुढे पाहुण्यांसमोर बसल्यासारखे नीटनेटके बसतो. उत्तर देऊन झालं की उरलेला वेळ गप्प राहा. मन भटकेल, त्याला न रागावता परत त्या ओळीवर आणा.

रात्री झोपण्यापूर्वी इग्नेशियसचंच दिवसाचं आत्मपरीक्षण करा. आज कशाबद्दल देवाचे आभार मानावेसे वाटतात, मन कुठे उजळलं, कुठे कडू झालं, कुणाला दुखावलं, आणि उद्यासाठी कोणती कृपा हवी. याला पाचेक मिनिटं लागतात. आठवडाभर केलंत की तुम्हालाच दिसेल, देव प्रार्थनेच्या खोलीपेक्षा ऑफिसात आणि लोकलच्या गर्दीतच जास्त बोलत होता.

रोझरी सोडू नका. थकलेलं असताना स्वतःचे शब्द सुचत नाहीत, तेव्हा रोझरीतली ‘नमो मारिया’ ही ठरलेली प्रार्थना कामी येते. मात्र प्रत्येक रहस्य, म्हणजे येशू-मारियेच्या जीवनातला एकेक प्रसंग, सुरू करताना क्षणभर थांबून तो प्रसंग डोळ्यांपुढे आणा. गुरुवारी प्रकाशाची रहस्यं म्हणत असाल (पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी ती २००२ मध्ये दिली), तर काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपलाय हे आधी कुणाच्या लक्षात आलं, ते बघा. घरात सगळे मिळून म्हणत असाल तर भरभर उरकण्यापेक्षा एखाद्या दिवशी दोनच रहस्यं, पण शांतपणे म्हणा. मुलांनाही ते झेपतं.

कन्फेशन (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) वर्षातून एकदा, ईस्टरआधीच्या उपवासकाळातच, असं असेल तर महिन्याला एकदा करून पाहा, शक्यतो त्याच धर्मगुरूंकडे. तुमची वाट ओळखणारं कुणीतरी लागतंच. आणि हा कोरडेपणा फक्त प्रार्थनेत नसून झोप, भूक, कामातली गोडी सगळंच गेलं असेल, तर धर्मगुरूंबरोबर डॉक्टरांनाही भेटा. त्यात श्रद्धेचा कमीपणा काहीच नाही.

एक शेवटचं, जे तुम्ही विचारलेलं नाही. तुमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) गरिबांना मदत करणारी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असेल तर त्यांच्याबरोबर एखाद्या आजाऱ्याच्या किंवा गरिबाच्या घरी जाऊन या. ‘मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आलात’ हे मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातलं वाक्य येशूने स्वतःबद्दल म्हटलंय. त्या घरातून परत आल्यावर, त्या माणसाचं नाव घेऊन त्या रात्रीच्या प्रार्थनेला बसा.