भुरक्याच्या आवाजाने ताटावरून उठणारं लेकरू नाटक करत नसतं

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. केजजवळचं गाव, एकत्र कुटुंब, नववीतला मुलगा. आजोबा आमटीचा भुरका मारायला लागले की तो कान दाबतो, मधेच त्यांच्यासारखाच भुरक्याचा आवाज काढतो आणि ताट सोडून उठतो. आजोबांची नक्कल केली म्हणून वडिलांनी हात उगारला, सासूबाईंनी अंगारा लावला. शिवाय गणपतीच्या मिरवणुकीत डीजेजवळ त्याला मळमळतं, लाइटच्या चकचकाटाने तो डोकं धरतो आणि मधाच्या पोळ्याचा फोटो दिसला तरी शहारून मोबाइल बाजूला टाकतो. "नाटकं करायलंय का खरंच काही होयलंय?" असं तुम्ही विचारलंय.

खरंच होतंय. मला स्वतःला हा आवाजाचा त्रास लहानपणापासून आहे आणि शिक्षिका म्हणून अशी लेकरं मी वर्गात जवळून पाहिली आहेत, म्हणून ठामपणे सांगते. पण तुम्ही लिहिलेल्या सगळ्या गोष्टी एकाच आजाराच्या नाहीत. प्रत्येकीचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. त्यातली एक तर अजिबात अंगावर काढण्यासारखी नाही.

आधी जेवणाचं. याला मिसोफोनिया म्हणतात. २००१ मध्ये जॅस्ट्रेबॉफ दांपत्याने हे नाव दिलं. कान चांगले असतात, ऐकण्याची तपासणी केली तर रिपोर्ट बहुधा नॉर्मल येतो. आवाज किती मोठा आहे याच्याशीही संबंध नसतो. मी पिठाच्या गिरणीत पट्ट्याच्या धडधडीत निवांत उभी राहते. पण शेजारच्या खुर्चीवर कोणी दाढेखाली सुपारी फिरवायला लागलं की जबडा आवळला जातो, मान तापते, छातीत ठोके वाढतात आणि तिथून पळावं किंवा ओरडावं असं वाटतं. त्यामागोमाग लाज वाटते, कारण समोरचं माणूस आपलंच असतं. आपण विचार करून रागावतो असं इथे घडत नाही. राग आधी येऊन उभा राहतो, विचार नंतर येतो.

२०१७ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात सुखबिंदर कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लोकांना चावण्याचे, श्वासाचे आवाज ऐकवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले. कशाकडे लक्ष द्यायचं हे ठरवणाऱ्या यंत्रणेतला इन्सुला नावाचा भाग त्यांच्यात इतरांपेक्षा खूपच जास्त चेतला. सोबत हृदयाचे ठोके वाढले, हाताच्या त्वचेवरचा घामही वाढला. ठोके आणि घाम ठरवून आणता येत नाहीत, हे मुलाच्या वडिलांना जरूर सांगा.

२०२१ मध्ये याच गटाचा पुढचा अभ्यास आला आणि तुमच्या घरासाठी तो जास्त मोलाचा आहे. या लोकांच्या मेंदूत ऐकण्याच्या भागाचं आणि स्वतःचं तोंड, जबडा हलवणाऱ्या भागाचं नातं नेहमीपेक्षा घट्ट असल्याचं त्यात दिसलं. दुसरा चावतो तेव्हा यांच्या मेंदूत यांचंच तोंड कामाला लागतं. म्हणून बऱ्याच जणांना तोच आवाज स्वतः काढला की जरा हायसं वाटतं. तुमचा मुलगा आजोबांसारखा भुरका मारतो तो बहुधा त्यांना वेडावण्यासाठी मारत नसावा, स्वतःला सावरण्यासाठी मारत असावा. ज्या गोष्टीसाठी त्याला मार बसला, ती त्याची सुटकेची धडपड होती असं समजून एकदा त्याच्याशी बोला. तो काय सांगतो ते मधे न तोडता ऐका.

हा त्रास बहुतेकांना शाळेच्या वयात सुरू होतो आणि अगदी जवळच्या माणसांच्या आवाजाने जास्त होतो. परक्याचा तोच आवाज कधीकधी खपून जातो. त्यामुळे घरच्यांचा समज होतो की हॉटेलात याला चालतंय, आमचंच तेवढं वावडं आहे. आजोबांनाही तसंच वाटत असेल. नातवाला आपली किळस येते असं म्हाताऱ्या माणसाला वाटणं फार वाईट. त्यांचा गैरसमज मुलाच्या उपचाराइतकाच तातडीने दूर करायला हवा.

वडिलांना शास्त्र पटत नसेल तर त्यांच्याच कानाचा दाखला द्या. घरावरचे पत्रे बदलताना पत्र्यावर पत्रा घासतो तेव्हा धडधाकट गड्याचेही दात आंबतात. फळ्यावर खडू किंचाळला की अख्खा वर्ग खांदे वर घेतो. अशा आवाजांतला सर्वांत बोचरा भाग साधारण २००० ते ५००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात येतो. कानाची नळी नेमका हाच पट्टा वाढवून आत पोचवते, म्हणून तो सगळ्यांनाच टोचतो. (शिक्षकांसाठी: खडू मोडून अर्धा करा आणि फळ्यावर तिरका धरा, किंचाळणं जवळपास थांबतं.) जे सगळ्यांना पत्र्याने होतं, ते या लेकराला भुरक्याने होतं, आणि कितीतरी पटीने जास्त होतं.

आपल्या भागात आवाजाने हादरणारी माणसं काही नवी नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जनानंतरची ती पहाट होती आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. माझं माहेर निलंग्याकडचं. आमच्या ओळखीतल्या एक मावशी त्यानंतर कित्येक वर्षं उसाचा भरलेला ट्रक रस्त्याने घरघरत गेला की हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकून अंगणात यायच्या. ट्रक आहे हे त्यांना कळायचं, तरी पाय थांबायचे नाहीत. त्यांना कोणी नाटकी म्हणालं नाही, कारण त्यामागचं कारण सगळ्या गावाने भोगलं होतं. त्यांचा त्रास आघाताच्या आठवणीचा, तुमच्या मुलाचा तसा नाही. त्याच्यामागे काही घडलेलं असेलच असं मुळीच नाही, उगाच शोधत बसू नका. मात्र शरीर माणसाला न विचारता धावतं, एवढं दोघांत सारखं आहे.

आता घरात काय करायचं. "सवय होईल" म्हणून त्याला आजोबांच्या समोर बळजबरीने बसवू नका. भीती घालवायला हळूहळू सवय करतात ते खरं, पण इथे नुसतं सोसायला लावल्याने चीड घट्ट होत जाते. दुसरं टोकही नको. सगळं घर दबकून, आवाज न करता जेवायला लागलं की त्याचं लक्ष उरलेल्या बारीक आवाजांवर आणखी खिळतं आणि आजोबांची मान खाली जाते ती वेगळीच.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, त्याच्याकडे नीट बघा. शेतात कोपीजवळ सगळे एकत्र बसतात, भज्जी, उंडे आणि अंबील. अंबील तर सगळेच भुरके मारत पितात. तरी पुष्कळ मुलांना तिथे त्रास कमी होतो. वारा असतो, ज्वारीची सळसळ असते, चार दिशांनी बोलणं चालू असतं, आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही आणि कोणी समोरासमोर बसलेलं नसतं. हेच घरात थोडंफार उभं करता येतं. पंखा किंवा कूलर चालू ठेवा, रेडिओ मंद लावा, स्वयंपाकघराच्या कोंदट कोपऱ्याऐवजी ओसरीत पंगत घ्या. मुलाला आजोबांच्या समोर न बसवता त्यांच्याच ओळीत, मधे दोन माणसं सोडून बसवा, म्हणजे हलणारं तोंड दिसणार नाही. दिसण्यानेही त्रास वाढतो. कोणी सतत पाय हलवत असेल तर ते बघूनही काहींना असह्य होतं. आणि येसराची आमटी जरा निववून वाढा. भुरका मुळात गरम आमटीचा असतो, त्यातून म्हाताऱ्या माणसाचे दात गेलेले. तुमच्या हातची आमटी थोडी कोमट मिळाली म्हणून आजोबा रागावणार नाहीत.

मुलाशी एक बोली करा. असह्य झालं तर ओरडायचं नाही, नक्कल करायची नाही, "पाणी पिऊन येतो" म्हणून उठायचं, परत आला तर आला, नाही आला तर कोणी टोकायचं नाही. दिवसातलं एक जेवण एकत्र, दुसरं त्याच्या सोयीने. कानात कापूस घालून उपयोग होत नाही. जेवताना रोज घट्ट इअरप्लग घालायचीही सवय नको. दिवसभर कान बंद ठेवले तर पुढे साधे आवाजही मोठे वाटायला लागतात.

डीजेचं मात्र पूर्ण वेगळं आहे. तिथे मुलगा नाजूक नाही, आवाजच घातक आहे. ८५ डेसिबल आठ तास ही कामाच्या ठिकाणची सुरक्षित मर्यादा धरतात. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. डीजेच्या भिंतीजवळ आवाज याहून वर जातो. कमी पट्टीचा ठोका छातीत, पोटात जाणवतो, त्याने मळमळणं साहजिक आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद असावा लागतो (सणांच्या ठरावीक दिवशी १२ पर्यंत सूट मिळते). तक्रार ११२ वर करता येते. मिरवणुकीला जायचंच असेल तर मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात. बोटाने वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. आणि लेझरच्या झोताकडे कोणीही बघायचं नाही, त्याने डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते.

अंगावर काढू नका म्हटलं ते चकचकणाऱ्या लाइटबद्दल. डोकं धरणं, मळमळ, उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं हे अर्धशिशीतही होतं आणि त्याच्या बाबतीत तीच शक्यता जास्त वाटते. घरात कोणाला अर्धशिशी आहे का बघा. पण फिट येणाऱ्यांपैकी शंभरात साधारण तिघांना लुकलुकत्या प्रकाशाने फिट येते आणि लहान वयात हे प्रमाण जास्त असतं. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि सहाशेहून जास्त लोकांना, बहुतेक मुलांनाच, दवाखान्यात न्यावं लागलं. म्हणून हे तपासा: सकाळी उठल्यावर त्याच्या हाताला झटके बसून कप, तांब्या सुटतो का? बोलता बोलता काही सेकंद शून्यात बघतो का? कधी बेशुद्ध पडला का? यातलं एकही "हो" असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना लगेच दाखवा, ते ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी, काढायला सांगतील. तोवर लुकलुकता प्रकाश अचानक समोर आला तर एका डोळ्यावर पूर्ण तळहात ठेवून तोंड फिरवायला शिकवा. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापणीतून उजेड आत जातो. आणि फिट आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन.

मधाच्या पोळ्याची काळजी सर्वांत कमी करा. दाट छिद्रं किंवा पुंजके बघून शहारे, मळमळ, खाज येणं याला ट्रायपोफोबिया म्हणतात. २०१३ मध्ये एसेक्स विद्यापीठाच्या जेफ कोल आणि आर्नल्ड विल्किन्स यांनी त्यावर पहिला मोठा अभ्यास केला. विषारी प्राण्यांच्या अंगावरच्या नक्षीशी त्यांनी ते जोडलं, नंतर इतरांनी त्वचेच्या रोगांपासून दूर राहण्याच्या ओढीशी जोडलं. मला दुसरं जास्त पटतं. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा गाठींनी भरलेल्या बैलांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरत होते, आणि आयुष्यभर जनावरांत राहिलेली माणसंही ते बघून अंग खाजवत होती. रोजच्या वागण्यात अडथळा येत नसेल तर यावर उपचार लागत नाही. फक्त भावंडांनी मुद्दाम फोटो दाखवून छळू नये. त्याच्या आणि तुमच्याही मोबाइलवर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा. अपघाताचे, गळफासाचे फोटो ज्या सहजतेने आपल्याकडे गावाच्या ग्रुपवर टाकले जातात ते थांबायलाच हवं. ज्याच्या घरात तसं घडलंय त्याच्याही हातात तोच मोबाइल असतो.

डॉक्टरांकडे जायच्या आधी आठ-दहा दिवस वहीत टिपून ठेवा: कोणता आवाज, कोणाचा, किती वेळ, अंगात कुठे काय झालं, त्या दिवशी झोप आणि भूक कशी होती. मिसोफोनिया हे नाव सगळ्याच डॉक्टरांच्या कानावर आलेलं नसतं, नोंदी असल्या की नावावाचून अडत नाही. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे. आधी कान-नाक-घसा विभागात ऐकण्याची तपासणी, मग मानसोपचार विभाग. यावर हमखास गोळी नाही, पण कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी नावाच्या बोलण्यावर आधारलेल्या उपचाराने अनेकांचा त्रास कमी होतो. ॲमस्टरडॅममध्ये ५४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तसं दिसलंय. जाणं लगेच जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलतात. "जगणं नको" अशा अर्थाचं काही तो बोलला तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी फोन करा आणि त्याला एकटं सोडू नका.

अंगाऱ्यावरून सासूबाईंशी भांडू नका. त्यांनी मायेने लावलाय, लावू दे. फक्त कोणा देवऋषीकडे नेऊन त्याला धरून बसवणं, मारणं, उपाशी ठेवणं यातलं काही होऊ देऊ नका. पुढच्या वर्षी दहावी आहे, तेव्हा शाळेत वर्गशिक्षकांना आत्ताच भेटून शेवटच्या बाकावर, भिंतीकडची जागा मागून घ्या. पेनची टिकटिक आणि सर्दीचं नाक ओढणं पाठीमागून आलं की पेपर लिहिताना फार हाल होतात. सकाळच्या झटक्यांबद्दल विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मात्र इथे आजच लिहा.